सायकलशर्यतीचे धनी

मुंबई-पुणे सायकलशर्यत पाहण्यासाठी लहानपणी मी एकदा वडिलांबरोबर बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो होतो. पहाटे घरून निघालो होतो, दशम्यांचा डबा बरोबर होता, आणि चांगली दीड तास वाट पाहिली. मग खालच्या वळणावर एक मोटार दिसली. तिच्यामागून एकच स्पर्धक, पायटांवर उभा राहून, मान खाली घालून चढ चढत आला. त्याच्यामागे दहा-बारा जणांचा घोळका आणि त्यानंतर मागे पडलेले, दमलेले, एकेकटे. सगळे मिळून पाच मिनिटांचा कारभार. शेवटचा स्पर्धक वळणाआड गेला आणि आम्ही डबा उघडला. तो पहिला एकटा शेवटपर्यंत टिकला की घोळक्याने त्याला गाठले, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. वर्तमानपत्राची घडी घालीत वडील म्हणाले, "शर्यत पाहायला घाटात गेलो, आणि पाहिली ती पेपरात!"

कुस्तीला आखाडा असतो, क्रिकेटला मैदान असते, आणि दोहोंभोवती कुंपण घालून दारावर तिकीट लावता येते. लांब पल्ल्याच्या सायकलशर्यतीचे तसे नाही. ती सार्वजनिक रस्त्याने, गावागावांतून, दिवसाकाठी दीडशे-दोनशे किलोमीटर धावते. ती पाहायला पैसे पडत नाहीत. पण खरे पाहता ती कोणालाच पुरती पाहता येत नाही. रस्त्याकडेच्या माणसाला तिचा एक क्षण दिसतो. खुद्द धावणाऱ्यालाही आपल्यापुढे किती जण निसटले आहेत आणि मागून कोण येत आहे, हे दुसऱ्या कोणी सांगावे लागते. तेव्हा खेळाडू, रस्ता आणि प्रेक्षक यांखेरीज या खेळाला आणखी एकाची गरज असते. ती म्हणजे सांगणाऱ्याची. युरोपात हे काम आरंभी वृत्तपत्रांनी केले, मग रेडिओने, आणि गेली पाऊणशे वर्षे दूरचित्रवाणीने. या सांगणाऱ्यांची आपापसांत जी चढाओढ चालत आली आहे, तिच्याविषयी आज बोलायचे आहे. वरवर पाहता तो व्यापाऱ्यांचा मामला वाटतो. परंतु सामान्य माणसाला ही शर्यत पाहावयास मिळणार की नाही, आणि मिळाली तर खरी मिळणार की कोणाच्या सोयीची, हे या चढाओढीवरच ठरते.

या चढाओढीचे मूळ प्रत्यक्ष शर्यतीहूनही जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये 'ल व्हेलो' नावाचे, हिरव्या कागदावर छापले जाणारे एक क्रीडादैनिक भरभराटीत होते. पिएर जिफार हे त्याचे संपादक. फ्रान्स त्या वेळी द्रेफ्यूस प्रकरणाने दुभंगलेला होता. हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झालेल्या त्या ज्यू सेनाधिकाऱ्याची बाजू जिफारने उचलून धरली. त्याच्या पत्राला जाहिराती देणाऱ्या मोटारींच्या आणि सायकलींच्या कारखानदारांपैकी काही वजनदार मंडळी विरुद्ध पक्षाची होती. त्यांनी रागाने जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० मध्ये स्वतःचे दैनिक सुरू केले. संपादक आँरी देग्रांज, कागद पिवळा, नाव 'लोतो-व्हेलो'. नावातल्या साम्यावरून जिफारने दावा लावला आणि जानेवारी १९०३ मध्ये तो जिंकला. 'व्हेलो' म्हणजे सायकल. नव्या पत्राच्या नावातून सायकलच नाहीशी झाली, आणि सायकलीचे शौकीन आता आपल्याकडे पाठ फिरवतील या चिंतेने देग्रांजला घेरले.

त्याचा तरुण सहकारी जेओ लफेव्ह्र याने काही महिने आधीच एक कल्पना सुचवून ठेवली होती: साऱ्या फ्रान्सला प्रदक्षिणा घालणारी शर्यत. १ जुलै १९०३ रोजी ६० स्पर्धक पॅरिसजवळून निघाले. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर तोडून त्यांतले २१ जण परतले आणि मोरिस गारँ पहिला आला. 'लोतो'चा खप सुमारे २५,००० होता, तो ६५,००० वर गेला. पुढच्याच वर्षी 'ल व्हेलो' बंद पडले. बेकार झालेल्या जिफारला पुढे लिहिण्याचे काम दिले ते देग्रांजनेच, आणि तेही 'लोतो'त. असा मोठेपणा जिंकल्यावर सुचतो, असे कोणी म्हणेल. पण पुष्कळांना जिंकल्यावरही सुचत नाही.

अशा रीतीने जगातली सर्वांत नामांकित सायकलशर्यत, 'तूर द फ्रान्स', ही एका वर्तमानपत्राने दुसऱ्याला हरवण्यासाठी निर्माण केली. इटलीतही हाच प्रकार झाला. तेथे 'कोरिएरे देल्ला सेरा' हे मातब्बर दैनिक देशभराची सायकलशर्यत भरवण्याच्या तयारीत असल्याचा सुगावा गुलाबी कागदावर निघणाऱ्या 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ला लागला. तिने ऑगस्ट १९०८ मध्ये घाईघाईने आपलीच घोषणा करून टाकली आणि १९०९ मध्ये 'जिरो दितालिया' प्रथम धावली. तूरमध्ये आघाडीवरच्या स्पर्धकाला १९१९ पासून पिवळी आणि जिरोमध्ये १९३१ पासून गुलाबी जर्सी घालावयास देतात. विजेत्याच्या अंगावरचे हे रंग छापखान्याची आठवण करून देतात.

रेडिओ आला तेव्हा सकाळच्या पत्राची मक्तेदारी सैल झाली. १९२९-३० च्या सुमारास तूरचे वृत्तान्त मार्गावरून थेट ऐकू येऊ लागले, आणि निकाल दुसऱ्या सकाळपर्यंत झाकून ठेवणे कोणालाच शक्य राहिले नाही. बातमीदार आता मोटारसायकलच्या मागे बसून स्पर्धकांबरोबर घाट उतरू लागले. त्या पहिल्या पिढीतला आलेक्स विरो हा १९५७ च्या तूरमध्ये, पिरेनीजच्या वाटेवर, मोटारसायकल चालवणाऱ्या रेने वाग्नरसह दरीत कोसळून मरण पावला. ज्या माध्यमावरून मी बोलत आहे, त्याच्या इतिहासात या दोन नावांची नोंद असावी म्हणून ती येथे घेतली.

दूरचित्रवाणीचा प्रवेश मात्र अगदी बेताने झाला. २५ जुलै १९४८ रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँस या मैदानात तूरचा शेवट झाला, तो प्रथमच थेट दाखवण्यात आला. इटलीचा जिनो बार्ताली विजयी झाला होता. शेवटच तेवढा दाखवण्याचे कारण साधे होते. त्या वेळचे कॅमेरे अवजड होते, ते जागचे हलत नसत. त्यामुळे शर्यतीनेच कॅमेऱ्यापाशी यावे लागे. शिवाय चित्र काळे-पांढरे. ज्या पिवळ्या जर्सीसाठी माणसे जिवाचे रान करीत ती पडद्यावर राखाडी दिसे. पुढल्या वर्षीपासून रोजच्या टप्प्याचे चित्रण रात्री दाखवू लागले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस घाटमाथ्यावर कॅमेरे नेऊन बसवण्यात आले, आणि मग मोटारसायकली व हेलिकॉप्टरे यांच्या साहाय्याने धावती शर्यत घरात येऊ लागली.

हे तंत्र थोडे समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचे सगळे अर्थकारण त्यावर उभे आहे. आज तूरबरोबर चित्रणाच्या पाच-सहा मोटारसायकली धावतात. प्रत्येकीवर एक चालवणारा आणि त्याच्या मागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक. वर चित्रणाची दोन हेलिकॉप्टरे असतात. दरीत उतरलेल्या मोटारसायकलवरून निघालेला संदेश डोंगर अडवतो. म्हणून त्याहूनही उंच घिरट्या घालणारी विमाने तो झेलून शेवटच्या रेषेजवळच्या वाहनांकडे धाडतात. तेथे एक दिग्दर्शक अनेक चित्रांमधून क्षणाक्षणाला एक निवडतो. सबंध जग पाहते ते हे एकच चित्र. प्रत्येक देशाची वाहिनी त्यावर आपल्या भाषेतले समालोचन तेवढे चढवते. एवढा सरंजाम दोन वाहिन्यांना शेजारीशेजारी उभारता येणार नाही. उभारला तर रस्त्यावर सायकलींना जागा उरणार नाही. म्हणून या क्षेत्रातली स्पर्धा चांगले चित्र कोण काढतो याची नसते. ते एकच चित्र एखाद्या देशात दाखवण्याचा हक्क कोणाला मिळतो, याची असते.

आणि हे चित्र रस्त्याकडेच्या चित्रापेक्षा कितीतरी मोठे आहे. हेलिकॉप्टरमधून गढ्या दिसतात, द्राक्षमळे दिसतात, नदीकाठची चर्च दिसतात. फ्रान्समधले पुष्कळ म्हातारे-म्हाताऱ्या जुलैतल्या दुपारी तूर लावतात ती आपला देश पाहण्यासाठी, कोण जिंकले याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नसते. फ्रान्सच्या सार्वजनिक वाहिनीने तर या वास्तूंचा इतिहास सांगणारा खास माणूस समालोचकांच्या पंक्तीला बसवला आहे. २०१७ पासून तूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या मीटरपासून अखेरच्या मीटरपर्यंत दाखवण्यात येऊ लागला. पाच-पाच तास चालणारे हे प्रक्षेपण रटाळ नाही का, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. आहे थोडे. पण आपल्या पाच दिवसांच्या कसोटी सामन्यावर वाढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये.

पाहणाऱ्याच्या उपस्थितीने पाहिली जाणारी गोष्ट बदलते, हे येथेही खरे ठरते. मोटारसायकल पुढे असली की मागच्या स्पर्धकाला वाऱ्याचा आडोसा मिळतो, आणि अमक्याला कॅमेऱ्याने ओढून नेले अशी तक्रार दर वर्षी होते. कधी याहून भयंकर घडते. १० जुलै २०११ रोजी, तूरच्या नवव्या टप्प्यात, आघाडीवरच्या पाच जणांच्या शेजारून पुढे जाणाऱ्या फ्रान्स तेलेव्हिझिआँच्या मोटारीने हुआन आंतोनियो फ्लेचा या स्पर्धकाला धडक दिली. त्याच्यामागचा डच स्पर्धक जॉनी होगरलांड उडून काटेरी तारेच्या कुंपणात पडला. तो उठला, शर्यत पुरी केली आणि मग त्याच्या पायांना ३३ टाके घातले गेले. ती मोटार शर्यतीतून काढून टाकण्यात आली. कॅमेरा होता म्हणून हा प्रसंग जगाला दिसला, आणि कॅमेऱ्यांच्या ताफ्यामुळेच तो घडला.

आता पैशाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अमलाखाली निघत राहिल्याचा ठपका येऊन 'लोतो' १९४४ मध्ये बंद झाले. त्याच्या जागी १९४६ मध्ये 'लेकिप' आले. आज 'लेकिप' आणि तूर ही दोन्ही आमोरी घराण्याच्या उद्योगसमूहाकडे आहेत. वृत्तपत्राने शर्यत पाळावी ही जुनी रीत तेथे मोडलेली नाही. दूरचित्रवाणीला हक्क विकतो तो हा धनी, आणि पैसा मिळतो तोही त्यालाच. धावणाऱ्या संघांना त्यात ठरीव वाटा नाही. फुटबॉलच्या संघाला तिकिटे विकता येतात, प्रक्षेपणाच्या पैशांत भागीदारी असते. सायकलच्या संघाला मैदानच नाही, मग तिकीट कुठून येणार? तो जगतो पुरस्कर्त्यांच्या पैशावर. एखादी टेलिफोन कंपनी, बँक किंवा फरसबंदीचा कारखानदार आपले नाव जर्सीवर छापून त्याचा खर्च सोसतो. आणि पुरस्कर्ता पैसे मोजतो ते ते नाव पडद्यावर किती वेळ दिसते यासाठी.

यातून या खेळातले एक कोडे उलगडते. तूरच्या सपाट टप्प्यावर सकाळी तीन-चार जण घोळक्यातून निसटतात, दीडशे किलोमीटर पुढे राहतात, आणि शेवटच्या दहा किलोमीटरांत घोळका त्यांना गिळतो. असे होणार हे त्यांना, घोळक्याला आणि समालोचकालाही ठाऊक असते. मग ते निसटतात कशाला? कारण तीन तास पडद्यावर तेच असतात. लहान संघाच्या मालकाला हे तीन तास विजयाच्या खालोखाल मोलाचे वाटतात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत घाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. या बापड्यांना 'पडद्याचे राजे' म्हणावयास हरकत नाही.

सांगणारा आणि खेळणारा यांचे हितसंबंध असे गुंतले म्हणजे काय होते, याचा धडा जर्मनीने दिला. तेथे सायकलशर्यतीला मोठी परंपरा होती, तरी तूर जिंकणारा जर्मन कोणी झाला नव्हता. १९९६ मध्ये टेलिकॉम या जर्मन संघातून डेन्मार्कचा ब्यार्न रीस आणि १९९७ मध्ये त्याच संघातून यान उलरिश जिंकला. देश वेडा झाला. ए.आर.डी. ही जर्मनीची सार्वजनिक वाहिनी; घरोघरच्या सक्तीच्या वर्गणीवर चालणारी. तिने या लोकप्रियतेचे प्रक्षेपण तर केलेच. शिवाय ती या टेलिकॉम संघाची सहपुरस्कर्ती झाली आणि तिचे बोधचिन्ह स्पर्धकांच्या जर्सीवर झळकू लागले. ज्याची बातमी द्यायची, त्याच्याच पालखीला खांदा दिला. उत्तेजक द्रव्यांची कुजबूज त्या काळी सर्वत्र होती. १९९८ ची तूर तर त्याच प्रकरणाने हादरली होती. पण जर्सीवर आपलेच नाव असताना बातमीदाराने कोणता प्रश्न विचारायचा?

पुढे एकेक गोष्ट उजेडात आली. २००६ च्या तूरला प्रारंभ होण्याच्या आदल्या दिवशी उलरिशला बाहेर काढण्यात आले. मे २००७ मध्ये टेलिकॉमच्या अनेक जुन्या स्पर्धकांनी, आणि खुद्द रीसने, उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली. त्याच वर्षी तूर चालू असताना, १८ जुलै रोजी, त्याच संघातल्या पात्रिक झिंकेव्हित्सची चाचणी दोषी ठरल्याचे जाहीर झाले. ए.आर.डी. आणि झेड.डी.एफ. या दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांनी त्याच दिवशी प्रक्षेपण थांबवले. दुसऱ्या दिवशी सॅट वन या खाजगी वाहिनीने ते उचलले आणि शर्यत पुन्हा पडद्यावर दिसू लागली. एकाने तत्त्वासाठी सोडावे आणि दुसऱ्याने चोवीस तासांत ते पटकवावे, यावरून स्पर्धेच्या बाजारात बहिष्काराचे आयुष्य किती, ते कळते.

तरी मी ए.आर.डी.ला सर्वस्वी दोष देणार नाही. तिची चूक जुलै २००७ मधली नव्हती. प्रक्षेपण थांबवणे हा त्या दिवशीचा प्रामाणिक निर्णय असेल. पण दहा वर्षे जयजयकार करून मग एका दुपारी दिवा मालवणे हे पत्रकाराचे काम नव्हे. चौकशी करून सांगणे हे त्याचे काम. उशिरा का होईना, तिने तेही केले. उत्तेजक द्रव्यांविषयी तिच्या शोधपत्रकारांनी पुढे केलेले काम जगभर नावाजले गेले. शर्यतीकडे मात्र सार्वजनिक वाहिन्यांनी २०११ नंतर पाठ फिरवली आणि ए.आर.डी. परतली ती २०१५ मध्ये. मधल्या वर्षांत तूरवर टप्पे जिंकणारे जर्मन तरुण थोडे नव्हते. त्यांच्या देशातल्या बहुसंख्य घरांत ते दिसलेच नाहीत.

इटलीत १९९३ ते १९९७ या काळात जिरो सार्वजनिक 'राय'कडून बर्लुस्कोनी यांच्या खाजगी वाहिन्यांकडे गेली आणि १९९८ मध्ये परत आली. अमेरिकेत लान्स आर्मस्ट्राँगच्या लाटेवर स्वार होऊन शिकार आणि मासेमारीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या एका वाहिनीने २००१ पासून तूर घेतली, आणि त्याच बळावर तिचा पसारा वाढला. या कथा मनोरंजक आहेत, पण त्यांचे फार काही शिल्लक राहिले नाही. आजचा खरा पेच पाहायचा तर इंग्लंडकडे वळले पाहिजे.

इंग्लंडमध्ये सायकलशर्यत हा एके काळी परदेशी छंद समजला जाई. १९८६ पासून चॅनल फोरने आणि २००२ पासून आयटीव्हीने तूर दाखवली. दोन्ही वाहिन्या जाहिरातींवर चालणाऱ्या, त्यांवर ती पाहायला प्रेक्षकाला वेगळे पैसे पडत नसत. एक सबंध पिढी संध्याकाळच्या त्या कार्यक्रमावर वाढली. २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स तूर जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. पाठोपाठ क्रिस फ्रूम चार वेळा आणि गेरेंट टॉमस एकदा जिंकला. २०१४ मध्ये तूरचा प्रारंभ यॉर्कशरमध्ये झाला, तेव्हा तिथल्या अरुंद चढांवर माणसांची भिंत उभी राहिली होती. या गर्दीचे श्रेय विजेत्यांना आहे तसे त्या फुकट दिसणाऱ्या तासाभराच्या कार्यक्रमालाही आहे.

त्याच सुमारास युरोस्पोर्ट ही वर्गणीची वाहिनीही शर्यती दाखवीत असे. तिचा जन्म पाहण्यासारखा आहे. १९८९ मध्ये युरोपातल्या सार्वजनिक वाहिन्यांच्या संघाने रूपर्ट मरडॉक यांच्या स्काय कंपनीशी भागीदारी करून ती काढली. ही भागीदारी स्पर्धेला बाधक आहे असा निर्णय युरोपीय आयोगाने १९९१ मध्ये दिल्यावर ती फ्रान्सच्या टी.एफ. वनकडे आणि पुढे अमेरिकेच्या डिस्कव्हरीकडे गेली. सार्वजनिक संस्थांनी वाढवलेले मूल असे दत्तक जात जात परक्या घरी मोठे झाले. युरोस्पोर्टचे एक पुण्य मान्य केले पाहिजे. बेल्जममधल्या वसंतातल्या लहानसहान शर्यती, ज्यांना आपल्या देशाबाहेर कोणी सार्वजनिक वाहिनी विचारीत नव्हती, त्या तिने वर्षानुवर्षे माफक वर्गणीत दाखवल्या.

मग चित्र पालटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले की, २०२६ पासून ब्रिटनमधले तूरचे हक्क एकट्या वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे जातील. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये युरोस्पोर्ट बंद झाली आणि सायकलिंग त्याच कंपनीच्या टी.एन.टी. स्पोर्ट्सवर गेले. दरमहा ६.९९ पौंडांत जे दिसत होते, त्यासाठी ३०.९९ पौंड पडू लागले. या रकमेत फुटबॉलही येते, हे खरे. पण ज्याला फुटबॉल नको आहे त्याची ही समजूत काय कामाची? भाजी घ्यायला गेलेल्या माणसाला मंडईवाल्याने गाडीभर नारळ गळ्यात बांधावेत, त्यातला हा प्रकार. दोन वाहिन्या स्पर्धेत होत्या तोवर एक फुकट होती आणि दुसरी स्वस्त. स्पर्धा एकाने जिंकली, आणि तिच्याबरोबर स्पर्धाही संपली.

फ्रान्समध्ये असे घडू शकत नाही, कारण तेथे कायदा आड येतो. युरोपीय संघाने १९९७ मध्ये आपल्या दूरचित्रवाणीविषयक निर्देशात अशी तरतूद केली की, समाजाच्या दृष्टीने महत्त्वाच्या घटनांची यादी सदस्यराष्ट्रांना करता यावी आणि त्या घटना वेगळी वर्गणी न देणाऱ्यालाही दिसतील अशी व्यवस्था करता यावी. डिसेंबर २००४ च्या फ्रेंच हुकुमात तूर द फ्रान्स आहे, पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यतही आहे. ब्रिटनचीही अशी यादी आहे. तीत विंबल्डनचे अंतिम सामने आहेत, डर्बीची घोड्यांची शर्यत आहे; तूर नाही. यादी करणाऱ्यांच्या मनात सायकल अजून परदेशीच असावी.

आपल्याकडे हा प्रश्न क्रिकेटच्या निमित्ताने उभा राहिला होता. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय १९९५ मध्ये झाला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक केले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नात मूळ हक्कधारकाचा वाटा निदान ७५ टक्के ठेवला. मी सरकारी नोकर आहे, तेव्हा अशा कायद्यांकडे माझा ओढा असणार हे श्रोत्यांनी गृहीत धरावेच. पण त्यांची दुसरी बाजू नाकारून चालणार नाही. हक्क कोणाला विकावा यावर बंधन आले की त्याची किंमत उतरते. ती उतरली की आयोजकाकडे लहान शर्यतींवर खर्च करायला कमी उरते. फ्रान्सचा तूरचा धनी तगून आहे, कारण तूर अफाट मोठी आहे. खेड्यातली एक दिवसाची शर्यत अशा यादीने जगणार नाही. तिला युरोस्पोर्टसारखा कोणी तरी गिऱ्हाईक लागतो.

पडद्यावर नसणे म्हणजे काय, हे स्त्रियांना विचारावे. १९८४ ते १९८९ या काळात पुरुषांच्या तूरबरोबर, त्याच दिवसांत, त्याच रस्त्यांवर स्त्रियांचीही तूर धावत असे. पहिल्या वर्षी अमेरिकेची मॅरिअन मार्टिन जिंकली. कॅमेरे मात्र पुरुषांकडे वळलेले असत. ती शर्यत मिटली, आणि कोणाला फारशी चुकचुक लागली नाही. २०२२ मध्ये तिचा नव्याने प्रारंभ झाला तेव्हा आयोजकांनी तिला पुरुषांच्या शर्यतीनंतरचा आठवडा मोकळा दिला आणि रोजचे थेट प्रक्षेपण आधी पक्के केले. २०२५ मध्ये पोलीन फेराँ-प्रेव्हो ही फ्रेंच स्त्री जिंकली, त्या वेळी घरोघरी दूरचित्रवाणीसंच चालू होते. घाट तेच आणि सायकलीही त्याच होत्या.

२७ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या ओल्या रस्त्यांवर, मोंमार्त्रची टेकडी तीन वेळा चढून, तूर संपली. तादेय पोगाचार चौथ्यांदा विजयी झाला. आयटीव्हीच्या समालोचकांनी त्या करारातले आपले शेवटचे थेट समालोचन पुरे केले. त्याच वर्षी मार्चमध्ये असेही जाहीर झाले आहे की, २०२७ ची तूर स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथून निघेल. घरी बसलेल्या माणसाला ती कोणत्या वाहिनीवर आणि किती पैशांत दिसावी, हे करारनाम्यांत ठरेल. रस्त्याच्या कडेला उभे राहायला मात्र कोणाला काही द्यावे लागणार नाही. दीड तास आधी पोचावे, आणि डबा बरोबर न्यावा.